महिला हॉकी : निमंत्रितांची ऑलिंपिक स्पर्धा (मॉस्को, १९८०)

ऑलिंपिक सामन्यांत महिलांच्या हॉकीचा प्रथमच अंतर्भाव झालेली स्पर्धा. ती २५ ते ३१ जुलै १९८० या काळात मॉस्को येथे भरली. तीत झिंबाब्वे, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएट रशिया, भारत, ऑस्ट्रिया व पोलंड या सहा देशांच्या संघांनी भाग घेतला. अफगाणिस्तानातील सोव्हिएट लष्करी हस्तक्षेपाच्या निषेधार्थ अनेक देशांनी या सामन्यांवर बहिष्कार टाकल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागा ऐन वेळी निमंत्रणे पाठवून भरण्यात आल्या. त्यामुळे नावाने ऑलिंपिक असलेली ही स्पर्धा प्रत्यक्षात बव्हंशी निमंत्रितांची स्पर्धा ठरली.

महिला हॉकीच्या इतिहासात निमंत्रणाची प्रथा मात्र नवी नव्हती. इंग्लंडमध्ये महिलांची स्वतंत्र हॉकी संघटना १८९५ मध्ये स्थापन झाली. १९२४ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ निघाला. परंतु महिलांनी १९२७ मध्ये आपली वेगळी आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. या संघटनेच्या परिषदा ठरावीक वर्षांनी निरनिराळ्या देशांत भरत आणि त्यांच्या जोडीने सदस्य देशांच्या संघांचे सामने होत. १९३३ मध्ये कोपनहेगन, १९३६ मध्ये फिलाडेल्फिया, १९५३ मध्ये फोकस्टन व १९५६ मध्ये सिडनी येथे असे मेळावे भरले. त्यांत चषक नसे आणि विजेता संघही अधिकृतपणे घोषित केला जात नसे. खेळ खेळासाठी, क्रमांकासाठी नव्हे, अशी इंग्लंडप्रभृती देशांतील संघटक महिलांची दृढ धारणा होती. ही भूमिका उदात्त खरी. पण तिच्यामुळे विश्वविजेतेपद व ऑलिंपिक या दोन्ही गोष्टी महिलांपासून दीर्घकाळ दूर राहिल्या, हेही तितकेच खरे.

दुसरीकडे, पुरुषांच्या महासंघाने महिलांसाठी स्वतःच्या स्पर्धा भरविण्यास प्रारंभ केला. १९७४ मध्ये फ्रान्समधील मांदेलिए येथे महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. दहा संघांच्या या स्पर्धेत नेदर्लंड्स प्रथम, अर्जेंटिना द्वितीय, पश्चिम जर्मनी तृतीय व भारत चौथा आला. हे यश उल्लेखनीय असले, तरी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया यांसारखे महिला संघटनेच्या छत्राखालील बलाढ्य देश तेथे नव्हते, हे लक्षात घ्यावयास हवे. १९७८ च्या माद्रिद येथील विश्वचषक स्पर्धेत भारताचा क्रमांक सातवा लागला.

मॉस्कोची स्पर्धा साखळी पद्धतीची होती. प्रत्येक संघाने इतर पाच संघांशी एकेकदा खेळावयाचे, विजयास दोन व बरोबरीस एक गुण, आणि एकूण गुणांवरून क्रमांक, अशी तिची रचना होती. अंतिम सामना असा नव्हताच. सामने कृत्रिम तृणपृष्ठावर झाले. या पृष्ठाचा ऑलिंपिकमधील वापर १९७६ मध्ये माँट्रिऑल येथे सुरू झाला होता. त्यावर चेंडू वेगाने व सरळ धावतो, उसळी समान मिळते आणि मनगटी कौशल्यापेक्षा धाव, दम व जोरकस फटका यांना महत्त्व येते. भारतीय खेळाडूंची घडण माती व गवत यांवरची होती. मुंबईत १९८१-८२ मध्ये झालेली पुरुषांची विश्वचषक स्पर्धासुद्धा गवताच्या मैदानावरच खेळली गेली, यावरून महिलांना सरावासाठी काय उपलब्ध असेल याची कल्पना येते. अर्थात हे कारण एकट्या भारताला लागू नव्हते; विजेत्या झिंबाब्वेच्या खेळाडूही यापूर्वी अशा पृष्ठावर खेळलेल्या नव्हत्या.

भारतीय संघाचे नेतृत्व रूपा सैनी यांच्याकडे होते. पुण्याच्या एलायझा नेल्सन, तसेच सेल्मा डिसिल्व्हा, रेखा मुंडफन, मार्गारेट टोस्कानो, लॉरेन फर्नांडिस, नाझलीन मद्रासवाला, हुतोक्षी बगली, वर्षा सोनी इ. खेळाडू संघात होत्या. या नावांवरूनच त्या काळच्या महिला हॉकीचा सामाजिक पाया ध्यानात येतो. मिशनरी व कॉन्व्हेंट शाळा, ख्रिस्ती व पारशी समाजाचे क्लब आणि रेल्वेची नोकरी या तीन आधारांवर तो उभा होता. त्यामुळे महाराष्ट्रात हा खेळ मुख्यत्वे मुंबई-पुण्यात स्थिरावला. खानदेशात भुसावळ हे रेल्वेचे मोठे केंद्र. पण एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावी मुलींचे मैदानी खेळ म्हणजे लंगडी, खोखो व कबड्डीच. काठी, चेंडू व सपाट विस्तीर्ण मैदान यांचा खर्च शाळांना सहसा पेलणारा नव्हता.

भारताने ऑस्ट्रियावर २–० व पोलंडवर ४–० असे विजय मिळविले. चेकोस्लोव्हाकियाकडून १–२ असा निसटता पराभव पत्करावा लागला, तर झिंबाब्वेशी १–१ अशी बरोबरी झाली. अखेरच्या सामन्यात सोव्हिएट रशियाने भारताला ३–१ असे हरविले. अंतिम गुणसंख्या झिंबाब्वे ८, चेकोस्लोव्हाकिया ७, सोव्हिएट रशिया ६, भारत ५, ऑस्ट्रिया ४ व पोलंड ० अशी होती. रशियाविरुद्ध केवळ बरोबरी साधली असती, तरी भारताचे ६ व रशियाचे ५ गुण होऊन कांस्यपदक भारताकडे आले असते. ही गोष्ट भारतात फारशी चर्चिली गेली नाही. २९ जुलै रोजी भारतीय पुरुष संघाने स्पेनला ४–३ असे नमवून सुवर्णपदक पटकाविले होते आणि साऱ्यांचे लक्ष तिकडेच वेधले गेले.

झिंबाब्वेचा विजय हा या स्पर्धेतील सर्वांत अनपेक्षित भाग होय. हा देश १८ एप्रिल १९८० रोजी स्वतंत्र झाला होता आणि त्याला निमंत्रण मिळाले ते स्पर्धेपूर्वी जेमतेम पाच आठवडे. ॲन ग्रँट यांच्या नेतृत्वाखालील या संघातील सर्व खेळाडू गौरवर्णीय होत्या. नव्या राष्ट्राला पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून देणारा हा संघ एकही सामना हरला नाही. त्याला विजयापासून रोखणारे संघ दोनच, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत.

या स्पर्धेतील चौथ्या क्रमांकाचे मोल ठरविताना सावधगिरी बाळगणे इष्ट ठरते. विश्वविजेता नेदर्लंड्स व पश्चिम जर्मनी यांचे संघ मॉस्कोत नव्हते. नवी दिल्ली येथील १९८२ च्या आशियाई क्रीडा सामन्यांत महिला हॉकीचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा एलायझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळविले. नेल्सन यांना १९८३ मध्ये ‘पद्मश्री’ देण्यात आली. तथापि १९८२ मध्ये दोन्ही आंतरराष्ट्रीय संघटनांचे एकीकरण होऊन सर्व देशांना एकाच स्पर्धेची दारे खुली झाली आणि १९८३ च्या क्वालालुंपुर विश्वचषक स्पर्धेत भारत बारा संघांत अकरावा आला. आधीच्या यशात प्रतिस्पर्ध्यांच्या अनुपस्थितीचा वाटा किती होता, हे या निकालाने उघड केले.

त्यानंतर निमंत्रणाची जागा पात्रता स्पर्धांनी घेतली. भारतीय महिला संघाला पुन्हा ऑलिंपिकमध्ये उतरण्यासाठी २०१६ च्या रीओ सामन्यांपर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, वाट पहावी लागली. २०२१ मध्ये भरलेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये भारत पुन्हा चौथा आला. मात्र त्या वेळी बारा संघ होते व नेदर्लंड्स, अर्जेंटिना, ग्रेट ब्रिटन हे सर्व मैदानात होते.