आंधळगावचे डोळस आकडे

आमच्या गावाचे नाव आंधळगाव. परगावच्या माणसाला हे सांगितले की तो आधी माझ्या जाड चष्म्याकडे पाहतो आणि मग हात धरून मला रस्ता ओलांडून देऊ लागतो. वास्तविक भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले हे गाव कोशाच्या कापडासाठी नावाजलेले. करवतीच्या दातांसारखे काठ बारीक सुतातून विणणाऱ्यांच्या गावाला आंधळगाव म्हणणे म्हणजे पहिलवानाचे नाव सुकुमार ठेवण्यासारखेच आहे.

अशा या गावात मी नागपूरच्या भंगारातून एक जुना फ्रीक्वेन्सी काउंटर आणला. मोजण्यात आयुष्य घालवलेले यंत्र शेवटी किलोवर मिळाले.

"अहो, याचं करायचं काय?" सौभाग्यवतींनी विचारले.

"आकडे पाहायचे."

"कशाचे?"

"कशाचेच नाही. नुसते आकडे."

"मग पासबुक काय वाईट आहे? त्यातही नुसते आकडेच आहेत."

आता पासबुकातले आकडे उजेड पाडत नाहीत, हे हिला कसे सांगावे? माझ्या यंत्रात निक्सी नळ्या होत्या. अमेरिकेच्या बरोज कंपनीने १९५५ साली त्या बाजारात आणल्या. काचेच्या नळीत निऑन वायू आणि त्यात शून्य ते नऊ असे दहा आकडे, तारेचे, रेशनच्या रांगेसारखे एकामागे एक उभे. समोर बारीक जाळी. जाळी आणि एखादा आकडा यांच्यात १७० व्होल्टच्या आसपास दाब दिला की त्या आकड्याच्या अंगाभोवतीचा वायू नारिंगी रंगाने उजळतो. तार स्वतः बल्बातल्या तारेसारखी तापून लाल होत नाही. मोजणी सुरू झाली की एक आकडा पुढे येतो, दुसरा मागे दिसतो. जणू ज्याचा नंबर लागला तोच बोलतो.

१९६१ साली इंग्लंडमध्ये 'अनिता' नावाचे टेबलावरचे इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र निघाले, त्यातही असेच उजळणारे आकडे होते. पुढे रशियनांनीही या नळ्या केल्या. त्यांच्या आयएन-१२ नळीतला इंग्रजी पाच म्हणजे चक्क उलटा टांगलेला दोन! समाजवादात दोन आणि पाच यांत भेदभाव नको, असा बहुधा विचार असावा.

मग निक्सीचे दिवस फिरले. १९६२ साली निक होलोन्याक यांनी लाल उजेडाचा एलईडी दाखवला आणि १९७२ साली एचपी-३५ हे खिशात मावणारे गणकयंत्र एलईडीचे लाल आकडे मिरवत आले. या नव्या जमान्यात आकड्याला स्वतःचा देह उरला नाही. सात काड्या मांडायच्या आणि त्यांतूनच सगळे भागवायचे. इंग्रजी आकड्यांचे निभावते. आपला देवनागरी ९ सात काड्यांत बसवायला जा, काडीमोड झालाच म्हणून समजा.

असो. जुने यंत्र एकदम प्लगला लावायचे नसते. आतले कॅपॅसिटर वर्षानुवर्षे उपाशी असतात. त्यांना एकदम २३० व्होल्टचे जेवण वाढले तर ते फुटतात. म्हणून मी सिरीजमध्ये साठ वॅटचा बल्ब लावला आणि डिमरस्टॅटने दाब हळूहळू चढवत नेला. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे असे समजायचे. तो मिणमिणला आणि विझत आला. मग एकेका खिडकीत नारिंगी शून्य उगवले.

"काहून जी मास्तर, घरात जाळ लागला का?" शेजारचे मामाजी दारात उभे. जन्मभर करवतकाठी विणलेला माणूस. तीन धोटे चालवायचे, दोन काठांचे आणि एक मधल्या अंगाचा. आता माग भिंतीला टेकून बसलेला.

मी त्यांना सगळे आकडे फिरवून दाखवले. पण डावीकडच्या नळीत सात अर्धवटच पेटला. वरची दांडी काळीच.

"हा काऊन आंधळा?"

मी समजावले. त्या जागी वर्षानुवर्षे फक्त शून्यच जळत होते. जळणाऱ्या तारेवरून धातूचे कण उडतात आणि रिकाम्या बसलेल्या आकड्यांवर पुटासारखे बसतात. मग त्या जागी उजेड येत नाही.

"मंग फेकाचा का?"

"नाही मामाजी. त्या सातालाच थोडा जास्त प्रवाह देऊन तासन्‌तास पेटवत ठेवायचं. पूट आपोआप उडतं. याला औषध नाही, काम हाच इलाज."

मामाजी काही बोलले नाहीत. रात्री दहापर्यंत माझ्यासोबत त्या साताकडे पाहत बसले. मी त्यांना सांगितले की चेक प्रजासत्ताकात डालिबोर फार्नी म्हणून एक गृहस्थ आजही हाताने नव्या निक्सी नळ्या घडवतात.

"म्हंजे तिकडं बी हातमाग हाये," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी साताची दांडी पूर्ण भरली. ते सांगायला मी शेजारी गेलो, तर मामाजी ओसरीवर तिन्ही धोटे पुढ्यात घेऊन फडक्याने पुसत होते.

"इकावाचे हायेत का?" मी त्यांच्याच बोलीत विचारले.

"नाही जी. पूट बसलं होतं."

घरी येऊन हे सौभाग्यवतींना सांगितले. त्या म्हणाल्या, "चला, तुमच्या यंत्रानं कुणाला तरी कामाला लावलं. आता तुमचं पूट तेवढं राहिलं."