दुप्पट जकात आणि कबुलीचे मोल

सुरत शहराच्या दक्षिणेस पांडेसरा नावाचा औद्योगिक परिसर आहे. कापड रंगविणाऱ्या व छापणाऱ्या गिरण्यांची तेथे दाटी आहे, आणि भोवतालच्या वस्त्यांतून जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटासाठी आलेल्या माणसांची अहिराणी बोली सहज कानी पडते. येथील कापड देशी असले, तरी सुरतेच्या कापडधंद्यातील यंत्रे पुष्कळदा समुद्रापलीकडून येतात. यंत्र बंदरात उतरले की प्रश्न उभा राहतो. या मालाचे खरे वर्णन काय, खरी किंमत काय, आणि त्यावर सरकारचे देणे किती? ते अधिकाऱ्याने हुडकून काढावयाचे, की व्यापाऱ्याने आपण होऊन सांगावयाचे? आणि सांगताना चूक अथवा लबाडी झाली व मागाहून ती त्याने स्वतः कबूल केली, तर राज्यसत्तेने त्याच्याशी कसे वागावे? प्रश्न आजचा वाटतो खरा. परंतु सुरतेच्या बंदराला तो साडेतीनशे वर्षांपूर्वीच पडला होता.

मोगल अमदानीत सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर होते. मोठी जहाजे सुवाळीला नांगर टाकीत, आणि माल तापीकाठच्या फुर्ज्यावर, म्हणजे जकातघरात, येई. ही जकात राज्याच्या दृष्टीने केवढ्या महत्त्वाची होती, याची खूण इतिहासात आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. त्यानंतर बुडालेल्या व्यापाऱ्यांना धीर देण्यासाठी औरंगजेबाने त्यांची एका वर्षाची जकात माफ केली. बादशहापाशी व्यापाऱ्याला देण्याजोगे याहून मोलाचे दुसरे काही नव्हते.

या फुर्ज्यावर झडती कडक असे. १६६६ मध्ये सुरतेस उतरलेल्या थेव्हनो या फ्रेंच प्रवाशाने तिचे वर्णन करून ठेवले आहे. माणसाच्या शिरोवेष्टनापासून पायातील जोड्यांपर्यंत सर्व काही तपासले जाई. इतका अविश्वास दाखविल्यावर जकात चुकविणे थांबले असेल, असे आपणांस वाटेल. परंतु सुरतेचा वारंवार प्रवास केलेला जवाहिऱ्या ताव्हेर्निये वेगळेच सांगतो. सोने आणणारे व्यापारी ते लपविण्यासाठी नाना क्लृप्त्या योजीत, कारण युरोपातल्याइतका धोका त्यांना येथे नव्हता. लपविलेला माल सापडला तर तो जप्त होत नसे. पाच टक्क्यांऐवजी दहा टक्के भरले की सुटका होई. व्यापाऱ्याचे हे साहस म्हणजे एक प्रकारचा जुगार आहे, हरला तर त्याने दुप्पट द्यावे, अशी बादशहाची दृष्टी असल्याचे ताव्हेर्निये नमूद करतो.

या व्यवस्थेत एक प्रकारचे औदार्य आहे, हे नाकारता येणार नाही. पण तिचा हिशेब मांडून पाहा. दहा वेळा माल लपविला आणि चार वेळा पकडला गेला, तरी व्यापारी नफ्यातच राहतो. राजाने ज्याला जुगार म्हटले, त्याला प्रजेनेही जुगारच मानले. आपण होऊन खरे सांगणाऱ्यास त्यात काहीच अधिक मिळत नव्हते.

मग विश्वास टाकून पाहावा काय? तोही प्रयोग झाला. १६६५ मध्ये औरंगजेबाने मुसलमान व्यापाऱ्यांस अडीच व हिंदू व्यापाऱ्यांस पाच टक्के असा भेदाचा दर ठरविला, आणि १६६७ मध्ये मुसलमानांची जकात अजिबात उठविली. परिणाम काय झाला ते खाफीखानाने लिहिले आहे. हिंदूंचा माल मुसलमानांच्या नावावर निघू लागला, आणि अखेरीस उठविलेली जकात पुन्हा बसवावी लागली. इंग्रजांचीही कथा अशीच. १७१७ मध्ये फर्रुखसियरने सुरतेत वार्षिक दहा हजार रुपयांच्या ठोक रकमेवर कंपनीला जकात माफ केली. त्याच सुमारास बंगालमध्ये मिळालेल्या सवलतीच्या दस्तकांखाली कंपनीचे नोकर आपला खाजगी व्यापार लपवू लागले, आणि ते भांडण मीर कासिमशी १७६३ च्या युद्धापर्यंत गेले. जेथे दर न्याय्य नाही, किंवा सवलतीला तपासणीची जोड नाही, तेथे सत्य फार दिवस टिकत नाही.

इंग्रजी राज्य स्थिरावल्यावर काटा दुसऱ्या टोकाला गेला. १८७८ च्या समुद्र-सीमाशुल्क कायद्यात माल जप्त करण्याचा व त्याच्या किमतीच्या तिपटीपर्यंत दंड करण्याचा अधिकार होता. स्वतंत्र भारताने १९६२ मध्ये नवा सीमाशुल्क कायदा केला, पण अधिकाऱ्याने ठरवावे व व्यापाऱ्याने भरावे, हीच रीत पुष्कळ काळ चालली. ८ एप्रिल २०११ पासून मात्र आपले शुल्क प्रथम आयातदारानेच आकारावे, अशी तरतूद झाली. व्यापाऱ्याच्या शब्दावर कायद्याने ठेवलेला हा विश्वास होय.

आणि चुकीचे काय? येथे कायद्याने पायऱ्या बांधल्या आहेत. लबाडीचा हेतू नसताना, नोटीस येण्यापूर्वी आयातदाराने राहिलेले शुल्क व त्यावरील व्याज आपण होऊन भरले, तर दंड नाही. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याची नोटीस आली, आणि तीस दिवसांत शुल्क व व्याज भरले, तर शुल्काच्या १५ टक्के दंड. प्रकरण निकालापर्यंत नेले व लबाडी सिद्ध झाली, तर शुल्काइतकाच दंड. निकालानंतर तीस दिवसांत सारे भरल्यास तो २५ टक्क्यांवर येतो. शुल्क आणि तितकाच दंड, म्हणजे दुप्पट! ताव्हेर्नियेच्या काळचा आकडा येथे पुन्हा भेटतो. पण आता त्याला व्याजाची, जप्तीची व खटल्याचीही जोड आहे, आणि मुख्य म्हणजे स्वतः बोलणाऱ्यासाठी निराळी, स्वस्त वाट आहे. २०२५ च्या वित्त कायद्याने १८-अ हे नवे कलम घालून, माल सोडविल्यानंतरही आयातदाराला आपली नोंद स्वेच्छेने दुरुस्त करण्याची सोय दिली. अट एवढीच की, चौकशीची पावले दाराशी येण्यापूर्वी त्याने पुढे यावे. अमेरिकेनेही १९७८ च्या कायद्यात याच तत्त्वाला स्थान दिले आहे.

सुरतेसारख्या शहराला या तत्त्वाची निकड अधिक आहे. निर्यातीच्या अटीवर शुल्कमाफीने यंत्रे आणण्याची योजना १९९० पासून आहे. जितके शुल्क वाचले त्याच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करावयाची, असा तिचा सर्वसाधारण नियम. बाजार बसला आणि अट पुरी झाली नाही, म्हणजे माफ झालेले शुल्क व्याजासह डोक्यावर येते. अशांसाठी २०२३ च्या परदेश व्यापार धोरणाबरोबर एक तडजोड योजना निघाली. स्वतः पुढे येऊन माफ झालेले शुल्क भरावे, व्याज कितीही साचले असले तरी ते त्या शुल्काहून अधिक घेतले जाणार नाही. म्हणजे येथेही फार तर दुप्पट. लबाडीची चौकशी चालू असलेल्यांना मात्र ते दार बंद होते. चूक आणि चोरी यांतील हा भेद महत्त्वाचा आहे.

परंतु माफीची योजना पुनःपुन्हा निघू लागली, तर वेळच्या वेळी भरणारा मूर्ख ठरतो. उलट, कबुली देणाऱ्यालाच पुढे फेऱ्यांत अडकविले, तर दुसरा कोणी तोंड उघडणार नाही. शाळेच्या वर्गातही आम्हां शिक्षकांना हेच दिसते. फुटलेल्या काचेबद्दल उभा राहणाऱ्या मुलाला आणि पकडून आणलेल्या मुलाला एकच छडी मिळाली, तर पुढच्या वेळी सारा वर्ग खाली मान घालून बसतो.

हा केवळ मालक आणि सरकार यांच्यातला हिशेब आहे, असे कोणी समजू नये. लपविलेले देणे वर्षानुवर्षे व्याजाने वाढते. ज्या दिवशी ते उघडे पडते, त्या दिवशी लहान कारखान्याचे भांडवल आटते, आणि पहिली झळ लागते ती पगाराच्या तारखेला. मालाच्या खऱ्या किमतीचा कागद ज्याने कधी पाहिलाही नाही, अशा खानदेशातून आलेल्या कामगाराच्या चुलीपर्यंत ती झळ पोहोचते. म्हणून व्यापाऱ्याने आपली चूक वेळीच सांगावी, ही केवळ नीतीची गोष्ट नसून त्याच्या आश्रयाने जगणाऱ्यांशी इमान राखण्याची गोष्ट आहे. आणि राज्यकर्त्यांनी फुर्ज्यावरचा जुना धडा विसरू नये. झडतीने माल सापडतो; पण खरे बोलण्याची सवय लागावयाची, तर खरे बोलणे परवडले पाहिजे.