मुदत

परवा सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेलो होतो. रांगेत असतानाच ऑफिसातून फोन आला. साइट उघडत नाही, ब्राउझर 'सुरक्षित नाही' म्हणतोय. सर्टिफिकेटची मुदत आदल्या रात्री संपली होती. ते लावणारा मीच आणि तारीख विसरणाराही मीच!

परतताना परंड्याच्या किल्ल्यात जरा टेकलो. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर निजामशाहीची राजधानी इथं आली. पुढं आदिलशाही, मोगल, हैदराबादचा निजाम आणि १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर भारत. धनी बदलला की इनामदार जुनी सनद घेऊन नव्या दरबारात उभा. शिक्का मारणाराच उरला नाही, तर कागद कुणाच्या जोरावर चालणार?

बरं, राज्य तेच असलं तरी कटकट होतीच. अंमलदार म्हणणार, यंदाचं ताजं खुर्दखत आण. म्हणून सतराव्या शतकातल्या दख्खनी इनामपत्रांत शेवटी एक ठरलेलं कलम असे. दरसाल ताज्या खुर्दखताचा उजूर करू नये. तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घ्यावी आणि अस्सल कागद इनामदाराला परत द्यावा.

इनामदाराची पायपीट वाचली. पण असा कागद बनावट निघाला, तर तोही कायमच चालणार की! आमच्या धंद्यातला वाद नेमका हाच. तिथं वारं उलटं आहे. सर्टिफिकेटची कमाल मुदत २०२० साली ३९८ दिवसांवर आणली, २०२९ मध्ये ती ४७ दिवसांवर येणार आहे. नूतनीकरण यंत्र करत असेल, तर पायपीट कुणालाच नाही.

हे झालं अधिकाराचं. नोंदींचं काय? महसूल खात्यात दप्तराचे वर्ग असतात. 'अ' वर्ग कायम ठेवायचा, 'ब' तीस वर्षं, 'ड' एकच वर्ष. २०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकाळातले मोडी आणि उर्दू कागद गठ्ठ्यांतून बाहेर निघाले. कुणाच्या तरी पणज्याच्या नावापुढचा एक शब्द, आणि त्यावर आज पणतूचा दाखला अवलंबून. तो कागद कुणी 'ड' वर्गात टाकला असता तर?

अधिकार लवकर मेलेला बरा, तो पुन्हा देता येतो. पुसलेली नोंद परत येत नाही.

घरी येऊन नूतनीकरण यंत्रावर सोपवलं. मग ९० दिवसांनी सगळ्या जुन्या नोंदी सरसकट पुसणारी, मीच लिहिलेली ओळ उघडली. तूर्त ती बंद केली आहे. 'अ' कशाला आणि 'ड' कशाला, हे अजून ठरवतोय.