सुताच्या टंचाईतून यंत्रयुग

यंत्रयुगाचा आरंभ कोठे झाला असे विचारले, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जेम्स वॉट आणि त्याचे वाफेचे यंत्र उभे राहते. शाळेतल्या क्रमिक पुस्तकांनी ही समजूत आपल्या मनात पक्की करून ठेवली आहे. वाफेच्या यंत्राची थोरवी कोणी नाकारणार नाही. तथापि कालक्रम नीट लावून पाहिला तर असे दिसते, की कापसाची सूतगिरणी आधी उभी राहिली आणि वाफ मागाहून तिच्या दिमतीस आली. इंग्लंडातील आरंभीच्या सूतगिरण्या नदीच्या पाण्यावर चालत. वॉटच्या यंत्रावर चालणारी पहिली सूतगिरणी 1785 साली सुरू झाली. त्या गिरण्यांना जन्म देणारी यंत्रे एका अगदी घरगुती अडचणीतून निघाली होती. ती अडचण म्हणजे सुताची टंचाई. आजच्या भाषणात तिचीच हकीगत सांगावयाची आहे.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडच्या लँकॅशर परगण्यात कापड घरोघर निघत असे. मुलांनी कापूस साफ करून द्यावा, बायकांनी रहाटावर सूत कातावे आणि पुरुषांनी माग चालवावा, अशी कामाची वाटणी होती. या धंद्याला बळ मिळाले ते आपल्याकडील कापडामुळे. हिंदुस्थानातील छापील सुती कापड इंग्रजांना इतके आवडू लागले, की तेथील लोकर आणि रेशीम यांचे धंदेवाले हवालदिल झाले. त्यांच्या आग्रहावरून पार्लमेंटाने 1700 व 1721 साली कायदे करून या कापडाच्या आयातीला व वापराला आळा घातला. लोकांची आवड मात्र कायद्याने मरत नाही. ती भागविण्याची संधी लँकॅशरच्या विणकरांना मिळाली. उणीव एवढीच होती, की निव्वळ कापसाचे, ताण्याला टिकेल इतके बळकट सूत इंग्लंडात निघत नव्हते. म्हणून ताणा जवसाच्या ताग्यांच्या सुताचा आणि बाणा कापसाचा, असे मिश्र कापड ते विणीत.

अशा वेळी, 1733 साली, बरी गावच्या जॉन के याने धावत्या धोट्याचे पेटंट घेतले. तोवर विणकर धोटा एका हाताने फेकी आणि दुसऱ्या हाताने झेली. त्यामुळे कापडाचा पन्हा दोन हातांच्या पोचेपेक्षा रुंद करावयाचा तर मागावर दोन माणसे बसवावी लागत. के याने मागाच्या दोन्ही टोकांना पेट्या बसविल्या आणि दोरीला हिसका देताच धोटा या पेटीतून त्या पेटीत धावेल अशी योजना केली. रुंद कापड एकटा माणूस विणू लागला आणि वेगही वाढला. विणकरांनी धोटा घेतला, पण त्याचे मोल देण्याचे नाकारले. इतकेच नव्हे, तर कोर्टखर्च वाटून घेण्यासाठी त्यांनी आपसांत मंडळ स्थापले. दाव्यांत धुऊन निघालेला के अखेर फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला.

धोट्याचा वेग वाढला, पण रहाट होता तेथेच राहिला. एका मागाला सूत पुरविण्यासाठी पूर्वीच चार किंवा त्याहून अधिक बायकांना कातावे लागे. आता तेही पुरेना. विणकराने सकाळी उठून सुतासाठी दारोदार हिंडावे आणि मग मागावर बसावे, अशी पाळी आली. ही निकड एवढी उघड होती, की लंडनच्या कलासंवर्धक संस्थेने 1761 साली, एका माणसाला एकाच वेळी सहा धागे कातता येतील असे यंत्र करणाऱ्यास बक्षीस जाहीर केले.

सुमारे 1764 साली ब्लॅकबर्नजवळ राहणाऱ्या जेम्स हार्ग्रीव्ह्ज या विणकराने या प्रश्नाचे उत्तर काढले. एकाच चाकावर आठ चात्या फिरविणारे त्याचे यंत्र ‘जेनी’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या जेनी नावाच्या मुलीचा रहाट उलटून पडला आणि त्यावरून त्याला कल्पना सुचली, ही गोष्ट गोड असली तरी तिला पुरावा नाही. पुरावा आहे तो शेजाऱ्यांच्या भीतीचा. सूत स्वस्त होऊन आपली कताई बुडेल म्हणून 1768 साली लोकांनी त्याची यंत्रे मोडली आणि तो नॉटिंगहॅमला निघून गेला. 1770 साली त्याने पेटंट घेतले खरे. पण त्याआधीच काही यंत्रे विकलेली असल्यामुळे ते कायद्यापुढे टिकण्याजोगे नव्हते.

जेनीचे सूत मऊ असे. ते बाण्याला चाले, ताण्याला नाही. ही उरलेली अडचण रिचर्ड आर्कराइटच्या यंत्राने दूर केली. हा प्रेस्टनचा माणूस. धंद्याने न्हावी, आणि केसांचे टोप करून विकणारा. एकापेक्षा एक अधिक वेगाने फिरणाऱ्या रुळांच्या जोड्यांतून कापसाचा पेळू ओढीत न्यावयाचा आणि मग चातीवर पीळ द्यावयाचा, ही त्याच्या यंत्रातील मुख्य युक्ती. रुळांची कल्पना लुइस पॉल आणि जॉन वायट यांनी तीस वर्षांपूर्वीच मांडली होती आणि यंत्र घडविण्यास एका घड्याळजीचे साह्य झाले होते. आर्कराइटने पेटंट मिळविले ते 1769 साली. पुढे 1785 साली न्यायालयाने त्याची पेटंटे रद्द केली. तरीही दुसऱ्याच वर्षी त्याला सर ही पदवी मिळाली आणि 1792 साली तो मरण पावला तेव्हा त्याच्याजवळ अमाप संपत्ती होती.

के आणि हार्ग्रीव्ह्ज यांना जे साधले नाही ते आर्कराइटला कसे साधले? जेनी झोपडीत मावत होती. घरची बाई ती हाताने फिरवी. आर्कराइटचे यंत्र पाण्यावर चालू लागले आणि म्हणून जेथे पाणी तेथे माणसांनी जाणे भाग पडले. भांडवलदार भागीदारांच्या साह्याने त्याने 1771 साली डर्बीशरमधील क्रॉमफर्ड येथे गिरणी उभारली. भोवती कामगारांसाठी घरे बांधली आणि मोठी कुटुंबे असलेल्या विणकरांना तेथे बोलावून घेतले. कारण त्यांच्या बायकामुलांचे हात त्याला गिरणीसाठी हवे होते. 1774 साली त्याने खटपट करून निव्वळ सुती कापडावरील बंदीही इंग्लंडात विणलेल्या मालापुरती उठवून घेतली. यंत्र, पाणी, भांडवल, माणसे आणि कायदा ही पाच सूत्रे एका हाती धरणारा तो पहिला मोठा गिरणीमालक होय.

बोल्टनच्या सॅम्युअल क्रॉम्प्टनने 1779 साली या दोन्ही यंत्रांचा संकर केला. म्हणून त्याच्या यंत्राला ‘म्यूल’, म्हणजे खेचर, हे नाव पडले. त्यावर सूत निघे बारीक आणि बळकटही. हिंदी मलमलीशी स्पर्धा करण्याची उमेद इंग्रज गिरणीवाल्यांना येथून आली. क्रॉम्प्टनला पेटंट घेता आले नाही. वर्गणी देऊ या आश्वासनावर त्याने आपले गुपित उघड केले आणि हाती आले ते जेमतेम साठ-सत्तर पौंड. 1811 साली त्याने गावोगाव फिरून मोजदाद केली तेव्हा म्यूलच्या चाळीस लाखांहून अधिक चात्या चालू असल्याचे दिसून आले. पुढल्या वर्षी पार्लमेंटाने त्याला पाच हजार पौंड देऊन बोळवण केली.

आता पारडे फिरले. सूत उदंड झाले आणि विणकर अपुरे पडू लागले. काही काळ हातमागवाल्यांची चांगली चलती झाली. परंतु एडमंड कार्टराइट या पाद्र्याने 1785 साली यंत्रमागाचे पेटंट घेतलेलेच होते. त्यात सुधारणा होत गेल्या आणि 1820 नंतर यंत्रमाग वेगाने पसरले. एकेकाळी सुतासाठी दारोदार हिंडणारा विणकर आता कामासाठी दारोदार हिंडू लागला. अमेरिकेत 1793 साली सरकी काढण्याचे यंत्र निघाले आणि लँकॅशरच्या गिरण्यांना कापूस पुरविण्यासाठी तेथील गुलामांच्या कपाळीचे कष्ट आणखी वाढले. इकडे हिंदुस्थानात, ज्या कापडाच्या स्पर्धेतून हे सारे सुरू झाले ते विणणाऱ्या घरांवर, विलायती सूत आणि विलायती कापड येऊन आदळले.

या हकीगतीत वर्षांचा हिशेब मोठा बोलका आहे. धावत्या धोट्याने निर्माण केलेली सुताची टंचाई भरून काढणारे यंत्र निघण्यास 31 वर्षे लागली. क्रॉमफर्डची गिरणी सुरू झाल्यापासून, नऊ वर्षांखालील मुलांना कापडगिरण्यांत कामास लावू नये असे सांगणारा आणि ते पाहण्यासाठी सरकारी निरीक्षक नेमणारा 1833 चा कायदा होण्यास मात्र 62 वर्षे लागली. आधीचे कायदे होते, पण त्यांची अंमलबजावणी पाहणारा कोणी नव्हता. मुंबईत कावसजी दावर यांनी 1854 साली गिरणीची कंपनी काढली आणि 1856 साली ती गिरणी चालू झाली. आपल्याकडील पहिला कारखाना कायदा आला 1881 साली, आणि त्याने केवळ सात वर्षांखालील मुलांना मज्जाव केला. आठवड्याची एक सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 साली मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारख्यांनी सभा भरवून आणि अर्ज करून मागितली तेव्हा.

सुताची टंचाई भागविण्यात नफा होता. म्हणून विणकर, न्हावी, पाद्री असे सगळेच तिच्यामागे लागले. दमलेल्या मुलाची झोप भागविण्यात कोणाचाच नफा नव्हता. तिच्यासाठी कोणी बक्षीस लावले नाही, कोणी पेटंट घेतले नाही. ते काम लोकांना कायद्याकडून करवून घ्यावे लागले. आजही एखादे नवे यंत्र दाराशी येते, तेव्हा ते कोणती टंचाई भागविणार हे आपण हौसेने विचारतो. ते कोणाच्या घरातले काम उचलून नेणार, आणि त्या घरासाठी कायदा केव्हा येणार, हेही त्याच दिवशी विचारावे, एवढे लँकॅशरच्या या इतिहासावरून आपण शिकावयास हरकत नाही.