आग्वादचा पाणवठा

पिंगळीच्या बारवेच्या पायऱ्या उतरताना, जिथे समुद्र केवळ ऐकिवात असतो, मला गोव्यातील आग्वादचा किल्ला स्मरतो. कारण १६१२ साली पोर्तुगीजांनी उभारलेल्या त्या दुर्गाच्या नावाचा अर्थच पाणी भरण्याचे ठिकाण असा असून, दूरच्या सफरीवरून आलेली जहाजे तेथील गोड्या झऱ्यावर आपली पिंपे भरून घेत. आमच्या मुलखात मुसाफिराला पाणी बारवेने आणि आसरा धर्मशाळेने विनामोबदला दिला, याचे मला मोल फार वाटते. आग्वादच्या सिकेरीकडील तटालगत मात्र १९७४ मध्ये ताज समूहाचे सागराभिमुख, ऐश्वर्यसंपन्न विश्रामस्थान उभे राहिले, आणि १९८३ च्या राष्ट्रकुल परिषदेतील शासनप्रमुख दिल्लीचे कामकाज क्षणभर बाजूस ठेवून गोव्याच्याच किनाऱ्यावर विसावले.