करिबाच्या पाण्यातली वाळलेली झाडं

आफ्रिकेतल्या सफारीचे फोटो हल्ली आपल्याकडचे लोकही हौसेने टाकतात. त्यात झांबेझी नदीच्या खोऱ्यातल्या करिबा तलावाचा एक फोटो हमखास असतो. पाण्यात उभी वाळलेली झाडं, शेंड्यावर मत्स्यगरुड, मागे मावळता सूर्य. मतुसाडोना अभयारण्याच्या काठावर गवत खाणारे हत्ती आणि रानम्हशींचे कळपही असतात. फोटो सुंदरच असतात, प्रश्न त्याचा नाही. पण मंडळी, ती झाडं मेली कशी, हे कुणी लिहीत नाही.

तो तलाव निसर्गाने केलेला नाही. डिसेंबर १९५८ मध्ये करिबा धरणाने नदी अडवली आणि ५ हजार चौरस किलोमीटरहून मोठं खोरं हळूहळू बुडालं. उंचवट्यांची बेटं झाली, त्यावर जनावरं अडकली. मग रूपर्ट फोदरगिल आणि सोबतच्या वनरक्षकांनी, त्यात आफ्रिकन माणसं बरीच होती, होड्या घेऊन ती सोडवायला सुरुवात केली. दोराने पाय कापतात म्हणून बायकांचे जुने नायलॉनचे मोजे पिळून दोर केले. ६ हजारांवर प्राणी वाचले. त्यातले बरेच मतुसाडोनात सोडले. ‘ऑपरेशन नोआ’ जगभर गाजलं, आणि गाजायलाच हवं होतं. कामच तसं जिगरीचं.

पण त्याच खोऱ्यात टोंगा लोक राहत होते. नदीकाठच्या गाळात पिकं घेणारे, होडीतून पलीकडच्या सोयऱ्यांकडे जाणारे. दोन्ही काठांची मिळून सुमारे ५७ हजार माणसं उठवली. ट्रकमध्ये घालून नेली, काहींना नदीपासून लांब कोरड्या माळावर टाकलं. त्यांना विचारलं कुणी? सप्टेंबर १९५८ मध्ये चिपेपो मुखियाच्या मुलखात लोक भाले घेऊन आडवे उभे राहिले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ जण गेले. होडीतल्या हरणांचे फोटो जगाने पाहिले. या आठ जणांची आठवण आज किती जणांना आहे?

धरणाची वीज उत्तरेकडे तांब्याच्या खाणींना गेली. टोंगांची कित्येक गावं त्यानंतर अनेक दशकं अंधारातच राहिली. नदी पूर्वी होडीने ओलांडता यायची. तिथे आता काही ठिकाणी ३० किलोमीटरहून रुंद पाणी आहे, आणि दोन काठांवर दोन देश, झांबिया नि झिंबाब्वे. सोयरे तुटले ते तुटलेच.

कोयनेच्या धरणग्रस्तांना हे वेगळं सांगायला नको. धरण त्याच काळातलं. जलाशयाभोवती आज व्याघ्र प्रकल्प आहे, आणि जमिनीसाठी त्यांच्या पुढच्या पिढ्या अजून मोर्चे काढतायत.

करिबाला जरूर जा. होडीवाल्याला एवढंच विचारा, या पाण्याखाली कुणाची शेतं होती? तो टोंगा असला, तर आजोबांचं गाव कुठे बुडालं ते कदाचित हात करून दाखवेल.