पंच, नेरूळ आणि खिमड

नाताळ आला की आमच्या महाप्याच्या ऑफिसात एकच चांगली गोष्ट होते. क्लायंट सुट्टीवर जातो. मग काय, गेल्या शनिवारी टीममधली पाच-सहा टाळकी माझ्या नेरूळच्या घरी जमली. बेत ख्रिसमस पंचचा. आई फोनवर म्हणाली, "कसली ही साहेबी थेरं!"

खरं सांगू, मलाही तसंच वाटत होतं. मग ओट्यावरचं सामान मोजलं: रम, लिंबू, साखर, पाणी, जायफळ. पाच!

जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७०च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर फिरत होता. १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो सांगतो की नेरूळला झकास अरक मिळतो, इथले इंग्रज त्याचा पंच करतात, आणि पाच जिन्नस म्हणून हे नाव. नेरूळ! माझी कॉलर दोन मिनिटं ताठ. मग कळलं की हे नेरूळ गोव्याचं, बार्देशातलं. असो. काही भाषातज्ज्ञ या शब्दाचं मूळ पिंपाच्या इंग्रजी नावात शोधतात, पण मला आपले पाचच पटतात. इंग्रजांच्या पत्रात हा शब्द १६३२ पासून सापडतो, तोही कंपनीच्याच माणसाच्या. म्हणजे पेय इथून तिकडे गेलं आणि दोनशे वर्षांनी डिकन्सचा बॉब क्रॅचिट नाताळात जिन आणि लिंबू घालून गरम करत बसला.

एवढं लेक्चर झाल्यावर गोराईची कलीग म्हणाली, "अरे, आमच्याकडे खिमड असतंच की."

ती ईस्ट इंडियन. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले, घरात मराठीच बोलणारे हे मूळ मुंबईकर. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली घेतलं, गोव्या-मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे हे कळावं म्हणून. खिमड म्हणजे दालचिनी, लवंग, गवती चहा, साखर उकळून त्यात गावठी दारू. लग्नात, सणाला, गरमगरम.

पण गावठी आणायची कुठून? १८७८च्या अबकारी कायद्याने घरगुती भट्ट्या बंद पडल्या. १८९२ला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलं बाळगण्यावरच निर्बंध आले, म्हणजे महापे धरून हा सगळा पट्टा. सरकारला महसूल हवा होता, बाकी काही नाही. मग १९४९चा दारूबंदी कायदा, ज्याच्यामुळे आजही प्यायला परमिट लागतं. (आमच्यात ते एकाकडेच निघालं!)

शेवटी रमवर भागवलं. मसाला उकळला, गॅस बंद केला, मग रम ओतली, नाहीतर भडका उडायचा.

रात्री आईला सगळं सामान सांगितलं. ती म्हणाली, "मग काढाच की रे तो."

रमचं नाव तेवढं मी घेतलं नव्हतं.